दिवसाउजेडी, एक तास

सातपाटी,
९ नोव्हेंबर २०२४

दर्पण,

माझा आशीर्वाद तुला आत्ता नको असेल तर बाजूला ठेव, पण पत्र वाच. फोनवर तू मला ब्लॉक केलंस. मुंद्र्याच्या तुमच्या क्वार्टरचा पत्ता किंजलने गेल्या वर्षी नारळाच्या वड्या पाठवायला दिला होता, तो वहीत सापडला. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही.

पाडव्याच्या सकाळी तू किंजलला घेऊन निघून गेलास. दुसऱ्या दिवशी दीपिका तुला ओवाळायला ताट घेऊन आली तर घरात मी एकटी. चुलत असली तरी एवढी एकच बहीण तुला. करंजी खाल्ली आणि गेली.

त्याच पाडव्याच्या सकाळी दीपिकाच्या बाबांनी, आनंदाभावजींनी, तुला त्यांच्या मोबाईलवर माझा फोटो दाखवला. तू विचारलंस, "आई, हे खरं आहे?" मी हो म्हटलं. तू म्हणालास, "लोकांना मी काय सांगू?" मी उत्तर द्यायच्या आत तू बॅग भरायला गेलास. ते उत्तर राहिलंय.

बोईसरच्या बाजारात रिद्धी नावाची माझी एक गिऱ्हाईक आहे. अकोल्याकडची. तारापूरला औषधांच्या कंपनीत लॅबमध्ये आहे, मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. दर बुधवारी कोळंबी नेते आणि मी ती सोलेपर्यंत मोबाईलमध्ये डोकं घालून उभी असते. मार्चमध्ये एकदा तिने मोठा सुस्कारा टाकला. मी विचारलं, "काय झालं गं?"

"मावशी, लग्नासाठी ना, एका ॲपवर मुलांशी बोलतेय. सगळे 'हाय' लिहितात. मी 'हाय' लिहिते. मग 'जेवलीस का'. मग सगळं थंड."

"तू त्यांचा फोटो बघतेस की नाय?"

"बघते ना."

"मग फोटोतलं विचार. मी सव्वीस वर्सं बाजारात बसते. येणाऱ्याला नुसतं घ्या घ्या म्हटलं तर तो पुढं जातो. मी आधी त्याच्या पिशवीत बघते. कैरी दिसली तर विचारते, आज करंदीच्या कालवणात टाकायची काय? झालं, तो थांबतोच. मग त्याची आई कशी करायची ते सांगत बसतो. माणसाच्या हातात जे हाय त्याचं विचारावं."

तिने माझ्यासमोरच एका मुलाला लिहिलं. फोटोत तो सायकल घेऊन उभा होता, गुडघ्यापर्यंत चिखल. "हा चिखल कुठला?" एवढंच. पुढच्या बुधवारी येऊन सांगते, "मावशी, त्याने दोन पानं लिहिली!" त्यानंतर तिच्या मैत्रिणी यायला लागल्या. मासे कमी आणि प्रश्न जास्त. मी कापता कापता उत्तरं द्यायची. शेजारच्या गाळ्यावरची बुधी चिडवायची, "मंजुळे, पाटी लाव आता."

मग एक दिवस रिद्धी म्हणाली, "मावशी, तुम्ही का नाही?" मी इतकी हसले की कोयता बाजूला ठेवावा लागला. पण ऑगस्टमध्ये तिनेच माझं नाव घातलं, माझ्यासमोर, मला विचारून. ती म्हणाली, लग्नातला शालूतला फोटो द्या. मी म्हटलं, नको, बाजारातलाच दे. समोर पापलेटं, कानात माझी सोन्याची वेढणी, कमरेला पदर खोचलेला. खाली मी स्वतः लिहिलं: "मी मंजुळा. वय एकावन्न. सातपाटीची. बोईसरला मासळी विकते. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. मुलगा मोठा आणि गुणी आहे. मला बोलायला आवडतं, ऐकायलाही जमतं."

भावजींनी तुला हाच फोटो दाखवला. त्यात लपवण्यासारखं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही.

गंमत म्हणून केलं सगळं. दुसरं काही नाही.

आई


सातपाटी,
२ डिसेंबर २०२४

दर्पण,

तुझं उत्तर नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणजे पोचलं.

गेल्या पत्रातलं शेवटचं वाक्य खरं नव्हतं. पाकीट चिकटवून झाल्यावर ते सलायला लागलं. गंमत म्हणून नव्हतं.

तू मुंद्र्याच्या बंदरात कामाला गेलास त्याला तीन वर्षं झाली. तू गेलास याचा मला अभिमानच आहे, क्रेन चालवणारा आपल्या घरातला तू पहिला. पण दिवसभर बाजारात शंभर माणसांशी बोलून घरी आलं की घर गप्प. मी संध्याकाळी टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईला उत्तरं द्यायला लागले. एकदा ती म्हणाली, "पुन्हा भेटू या." मी भाजी निवडता निवडता म्हटलं, "ये गं, ये." आणि मग माझं मलाच ऐकू आलं. रिद्धीला मी हो म्हटलं ते त्याच आठवड्यात. तुला फोनवर हे सांगितलं नाही, कारण तू रजा टाकून आला असतास, आठ दिवस राहिला असतास, आणि परत गेला असतास.

आता मी कुणाला भेटले तेही सांगते. दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.

पहिले गृहस्थ पालघरचे. सरकारी नोकरीतून निवृत्त, बोलणं गोड. त्यांनी मोठ्या हॉटेलात जेवायला बोलावलं, एसीच्या खोलीत. मी पैठणी नेसून गेले. तिथेच चुकलं. पैठणीत मला वाकता येईना, की मोकळं हसता येईना. सूप आलं, मग भाज्या आल्या, मग भात, आणि पहिल्या दहा मिनिटांतच मला समजलं होतं की हे काही खरं नाही. पण ताट समोर असताना उठणार कसं?

ते म्हणाले, "तुम्ही बोलता छान. फक्त एक करा. आमच्या मंडळींत ते बाजाराचं सांगू नका. 'व्यवसाय आहे' एवढंच म्हणायचं. आणि हाताला काहीतरी लावत जा, वास जातो."

मी म्हटलं, "ह्याच हातांनी मुलगा शिकवला. वास राहू दे. मीच जाते." माझ्या जेवणाचे पैसे वेटरच्या हातात ठेवले आणि निघाले. एसटीत सगळा वेळ ताठ बसले होते.

पण घरी आल्यावर काय केलं तेही लिहिते. लिंबू कापलं आणि हात घासत बसले. बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली. दुसरं लिंबू घ्यायला उठले तेव्हा आरशात दिसले, पैठणी नेसून हात घासणारी बाई. लिंबू ठेवून दिलं. त्याचंच सरबत करून प्याले.

दुसऱ्या दिवशी बाजारात रिद्धीला आणि तिच्या मैत्रिणींना सांगितलं: पहिल्या भेटीला जेवण नाही. चहा. फार तर एक तास. दिवसाउजेडी, चार माणसं असतील अशा जागी. आपण आपल्या गाडीने जायचं, आपल्या गाडीने यायचं. रोज घालतो तेच कपडे. आणि कुठे जातोय ते एका तरी बाईला सांगून ठेवायचं. मुली मोबाईलमध्ये लिहून घेत होत्या. एवढं शिकलेल्या मुली माझं बोलणं लिहून घेतायत, ते तू बघायला हवं होतंस.

किंजलला विचारलंय म्हणून सांग. ती काय म्हणते ते मी विचारत नाही.

आई


सातपाटी,
२० जानेवारी २०२५

दर्पण,

मी आणखी एकाला भेटले. आणि त्या भेटीत मी वाईट वागले. म्हणून हे पत्र लिहायला महिना लागला.

त्यांचं नाव धर्माजी. माकुणसारचे. चिकूची वाडी आहे, थोडी पानवेल आहे. वय छप्पन्न. बायको कॅन्सरने गेली. मूलबाळ नाही, पुतणी भाविका जवळ असते, तिनेच त्यांचं नाव ॲपवर घातलं. फोटोत ते चिकूच्या झाडाखाली उभे होते, एक हात पुढे, एक पाठीमागे. मी लिहिलं, "मागच्या हातात काय लपवलंय?"

दोन दिवस काहीच नाही. मग उत्तर आलं, "कोयता. भाविका म्हणाली, दिसला तर बाया घाबरतील."

मी लिहिलं, "घाबरू कशाला? माझ्याही हातात दिवसभर कोयताच असतो."

तिथून आमचं सुरू झालं. बाजारातून आल्यावर संध्याकाळी मी अर्धा तास बसायची. ते लिहितात फार चांगलं. वाडीत मोर येतात, पानवेलीला सावली कशी करतात, बायको आजारी असताना ते कोळंबीचं कालवण करायला कसे शिकले. एक दिवस त्यांनी लिहिलं, "भेटण्याआधी सांगतो. मी बोलताना अडखळतो. लहानपणापासून. फोनवर तर जास्तच. म्हणून लिहिणं बरं वाटतं. तुम्हाला नको वाटलं तर राग नाही."

मी लिहिलं, "मी दोघांपुरतं बोलते. या."

पण कुठे? केळव्याच्या समुद्रावर गेलं तर तिथे सगळी जोडपी, त्यात आम्ही दोन म्हातारी. सातपाटीत प्रश्नच नाही. माकुणसारात त्यांना सगळे ओळखतात. शेवटी मीच शोधून काढलं. पालघरला जिल्हा कार्यालयाचं नवं आवार आहे ना, बाहेर हिरवळ आणि बाकं. आमच्या वयाची माणसं तिथे कागदपत्रं घेऊन दिवसभर बसलेली असतात. मी लिहिलं, "हातात एक फाईल आणा. मीही आणते. कुणी ढुंकून बघणार नाही." रिद्धी हसून हसून बेजार झाली.

ते माझ्या आधी आले होते. धुतलेला सदरा, पायांत वाडीतल्याच चपला. मला बघून उठले आणि माझं नाव घ्यायला गेले, आणि 'म'वरच अडकले. मान वर झाली, डोळे मिटले. मला ठाऊक आहे मी कशी आहे. समोरच्याचं वाक्य मी संपवून टाकते, तू लहानपणी किती चिडायचास. पण त्या दिवशी मी ओठ दाबून गप्प राहिले. किती वेळ गेला कोण जाणे. मग त्यांनी माझं अख्खं नाव घेतलं, आणि ते नाव इतक्या कष्टाने आजवर कुणी घेतलं नव्हतं.

चहा घेतला. मी बोलत होते, ते थोडं थोडं. हसतात मात्र न अडखळता. अर्धा तास झाला असेल आणि समोर बुधी. आपल्या गल्लीतली, बाजारातली बुधी! तिचं खरंच काहीतरी दाखल्याचं काम होतं.

"मंजुळे! तू हितं? काय काम काढलंस? आनि ह्ये कोन?"

आणि मी, जिने त्या साहेबाला ताटावरून उठून सुनावलं ती मी, पटकन बोलून गेले, "वारस नोंदीचं काम हाय गं. ह्ये बी त्याच लायनीत. वळखत नाय मी."

बुधीने फाईलकडे बघितलं, मान हलवली आणि गेली.

धर्माजी खाली बघत होते. मग ते बोलले, आणि त्यांना ते बोलायला बराच वेळ लागला. म्हणाले, "खोटं बोलायचं तर झटकन बोलावं लागतं. मला ते जमत नाही. म्हणून मी कधी बोललो नाही."

रागावले नव्हते ते. त्यांनी नुसतं सांगितलं. तास झाला तसे ते उठले, नमस्कार केला आणि रिक्षाने स्टेशनकडे गेले. मी बाकावर बसून राहिले. तू दिवाळीत म्हणालास, लोकांना काय सांगू. तेव्हा मला तुझा राग आला होता. आता मलाच कुणी विचारलं, तेव्हा मी काय सांगितलं? "वळखत नाय."

त्यांना मी माफीचं लिहिलं. त्यांनी एवढंच उत्तर दिलं, "वाडीत चिकू उतरवायचं चाललंय. नंतर बोलू."

आई


सातपाटी,
२७ फेब्रुवारी २०२५

दर्पण,

दीपिकाच्या लग्नाला तू आला नाहीस. किंजलने तिला फोन केला हे बरं केलं. तू का आला नाहीस ते सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळे मला सांगत होते की तुला सुट्टी मिळाली नसेल.

हळदीचं सांगते. भावजींच्या अंगणात मांडव, सगळं गाव. बायका दीपिकाला हळद लावतायत, बँजो वाजतोय. गाणं थांबलं तसे भावजी पुरुषांच्या घोळक्यातून मोठ्याने म्हणाले, "वयनी, आता लग्नं तुमीच जुळवा. तुमाला फोनात नवरे मिलतात म्हनं!"

हसले सगळे. दीपिकाने हळदीच्या तोंडाने बापाकडे असं बघितलं की मला तिची काळजी वाटली. तिच्या हळदीत भांडण नको म्हणून मी आधी खाली बघितलं. खाली बघितलं आणि मला ते बाक आठवलं.

मी उठून उभी राहिले. हातांना हळद होती तशीच.

म्हटलं, "भावजी, नवरा नाय मिलाला. पन एक चांगला मानूस मिलाला. माकुणसारचे धर्माजी. मी सोताहून त्यांना भेटायला गेले होते."

बुधी मागून ओरडली, "तो फाईलवाला?"

"तोच. बुधे, त्या दिवशी मी तुला खोटं सांगितलं. वारसाचं काम नव्हतं. वळखत नाय म्हनले, तेबी खोटं. त्यांना चांगली वळखते. मला लाज वाटली होती. आता वाटत नाय. माझा नवरा रामा गेला तवा दर्पण सतरा वर्सांचा होता. मी एकलीने त्याला मोठा केला, कोनापुढं हात पसरला नाय. अकरा वर्सांत कोनी माझ्याकडं बोट दाखवलं नाय. आता मी कोनाबरोबर चहा प्याले तर ती माझी मर्जी हाय. ज्यांना हसायचंय त्यांनी हसून घ्या, मंग हळद लावा. पोरीला थंडी वाजते."

बँजोवाला माझ्याकडे बघत होता. मग दीपिका पाटावरूनच म्हणाली, "काकी, तुमीच लावा." मी तिच्या गालाला हळद लावली. तिने माझा हात धरून ठेवला.

भावजी जेवायच्या वेळी माझ्या पानावर स्वतः वाढायला आले. पापलेटाचा मधला तुकडा वाढला. त्यांना तेवढंच जमतं.

पण खरी गोष्ट पुढे आहे. मी मागच्या अंगणात हात धूत होते. सुलूआत्या आली. तुझ्या बाबांची धाकटी बहीण, नवऱ्याने टाकलेली, बारा वर्षं भावाच्या घरात गप्प वावरणारी. आजूबाजूला बघून अगदी हळू म्हणाली, "वयनी, पयलं काय लिवायचं असतं?"

मी तिला तिथेच हंड्याजवळ बसवलं. तिचा मोबाईल घेतला आणि पहिल्यांदा तिचा फोटो काढला. ती पदर सारखा करायला लागली. मी म्हटलं, असू दे. जशी आहेस तशी दिस.

त्या दिवशी घरी येऊन मी धर्माजींना सगळं लिहिलं, काय बोलले ते शब्दन्शब्द. त्यांचं उत्तर आलं: "रविवारी येऊ का? या वेळी फाईल नको."

आई


सातपाटी,
२१ एप्रिल २०२५

दर्पण,

तुझं पत्र मिळालं. सहा ओळींचं. चार वेळा वाचलं. तू शाळेत लिहायचास तसंच, अजून 'मी'ला ऱ्हस्व काढतोस.

तू विचारलंस, लग्न करणार का. माहीत नाही. आम्ही त्यावर बोललो. त्यांना वाडी सोडायची नाही, मला बाजार सोडायचा नाही. घाई दोघांनाही नाही. सध्या रविवारी भेटतो. कधी शिरगावच्या किल्ल्यावर जातो, कधी ते मला वाडीत पानवेल दाखवतात, कधी मी त्यांना बोंबील कसे निवडायचे ते शिकवते. भाविका मला मंजुळामावशी म्हणते. गेल्या रविवारी ते आपल्या गल्लीत आले, एसटी स्टॉपपासून चालत, माझ्याबरोबर. प्रत्येक दारात बाया. बुधीने त्यांना थांबवून घरात नेलं, चहा पाजला आणि इतके प्रश्न विचारले की बिचाऱ्यांना घाम फुटला. पण एकाही प्रश्नाचं उत्तर त्यांनी टाळलं नाही, आणि बुधीनेही, देवाशपथ, एकदाही मध्ये तोंड घातलं नाही.

तू विचारलंस, ते मला सांभाळतील का. अरे, सांभाळायला मी कुणी शोधलं नाही. ते काम मला येतं. दिवसभरात काय झालं ते ऐकणारं कुणीतरी हवं होतं, आणि ज्याचं ऐकायला आवडेल असं कुणीतरी. तू चांगला मुलगा आहेस, पण ते तुझं काम नव्हे.

आणि तू लिहिलंस, "दीपिकाने हळदीतलं सगळं सांगितलं. व्हिडिओ पाठवला. मी क्रेनवरच्या पोरांना दाखवला." तू माझी माफी मागितली नाहीस, मीही मागत नाही. पण तू तो पोरांना दाखवलास. लोकांना काय सांगायचं ते तुला सापडलं, एवढं मला पुरे आहे.

मेमध्ये येताय म्हणालास, या. किंजलला आंबाड्याचं लोणचं आवडतं, घालून ठेवते. रविवारी पोचणार असाल तर पाचपर्यंत मी घरी नसेन. किल्ली सुलूआत्याकडे आहे. भात लावून ठेवा, मी आले की कालवण करते.

आई